डाव्या बाजूचा बैल

मृग लागायला चारदोन दिवस होते आणि कडूबाचा डावीकडचा बैल गेला. सकाळी गळ्याखाली सूज दिसली, दुपारी घरघर लागली, आणि ढोरांच्या डॉक्टरला आणायला कोणाला पाठवावं हे ठरेपर्यंत त्यानं पाय ताणले. गोठ्यात चांद्या एकटा राहिला. चांद्या उजवीकडचा. जोडीदाराला ज्या दारातून ओढून नेलं त्या दाराकडे तोंड करून तो उभा राहिला आणि वैरणीला तोंड लावीना.

कडूबा बोरगव्हाणात दारोदार फिरला. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी हो पण म्हटलं नाही. शालिग्राम म्हणाला, "माही पेरणी झाली की ने ना बाप्पा, तुले कोण नाही म्हणते?" पण शालिग्रामची पेरणी होईपर्यंत ओल थांबणार होती थोडीच. पेरणीच्या तोंडावर बैल मागणं म्हणजे दुसऱ्याच्या तव्यावरची भाकर मागणं. कडूबाला ते कळत होतं, म्हणून राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. घरी येऊन त्यानं पाण्याचा तांब्या आपटला.

"तिकडं टिनपुऱ्यात एक बैल हाये," बायको मनकर्णाबाई म्हणाली.

"कोणाचा?"

"त्या धुडकूचा. त्याचाबी एकच हाये म्हणतात."

"धरणवाल्याच्या दारी जाऊ म्या?"

कोपऱ्यातून त्याची म्हातारी आई, रुखमाबाई, बोलली, "नको जाऊ. तू अन् तुही बायको जुंपून घ्या. मी तिफण धरतो."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. कडूबा उठून बाहेर गेला.

टिनपुरा म्हणजे गावाचं जुनं गायरान. तीन वर्षांपूर्वी खान्देशातलं एक गाव धरणात गेलं आणि तिथली वीसेक घरं ट्रकांत भरून इथं आणून उतरवली. सरकारनं त्यांना गायरान मोजून दिलं. त्यांनी टिनाची घरं उभी केली, म्हणून टिनपुरा. गावाच्या गाई तेव्हापासून बांधाबांधानं चरत होत्या आणि दर आठवड्याला कोणाची ना कोणाची भांडणं लागत होती. गायरान मोजायला साखळी आली तेव्हा ती अडवायला जे लोक आडवे उभे राहिले, त्यांत कडूबाही होता. भगवानराव पाटलांनी बोलावलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यालाही गायरान जाताना पाहवत नव्हतं.

धुडकू छपरावर होता. पावसाआधीच्या वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून वर दगड मांडत होता. उंच, वाळका, काळा माणूस. कडूबा खाली उभा राहिला. धुडकूनं पाहिलं, आणि आणखी दोन दगड मांडले. टिन उन्हानं तापलं होतं. कडूबाच्या डोळ्यांत त्याची तिरीप जात होती. तिसरा दगड मांडून धुडकू म्हणाला, "बठा दादा. उनू."

तो उतरला. त्याची बायको वेणूबाई गुळाचा चहा घेऊन आली. शेळीच्या दुधाचा वास येत होता. कडूबानं कप हातात घेतला आणि क्षणभर तसाच धरला. नवराबायको दोघंही त्या कपाकडे पाहत होते. कडूबानं चहा पिऊन टाकला.

"बैलासाठी आलो," तो म्हणाला. "माहा एक, तुमचा एक. एक दिवस माह्या वावरात, एक दिवस तुमच्या."

"तुम्ही साखळी अडाई व्हती," धुडकू म्हणाला.

"अडवली होती."

"मना डावा बैल आठेच मरना. ट्रकवरथून उतारताना पाय मोडना त्याना. तुम्ही समदा लोक पारवर बठेल व्हतात."

धुडकूनं मागची दोन वर्षं टिनपुऱ्यातल्याच एकाच्या बैलाशी सावड केली होती. तो माणूस कंटाळून भुसावळला हमालीला निघून गेला, बैल विकून. त्यामुळे गरज त्यालाही होती. हे दोघांनाही माहीत होतं.

"पहिला दिन मना," धुडकू म्हणाला.

"पहिला माहा. ओल माह्या वावरात अगुदर येते."

वेणूबाई मध्येच म्हणाली, "लई जाऊ द्या हो. पह्यला त्यासना."

धुडकूनं मान हलवली, पण बायकोकडे असं पाहिलं की ती आत गेली.

पाऊस पडला, वाफसा झाला, आणि सकाळी धुडकू आपला बैल घेऊन कडूबाच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, आला. पांढराशुभ्र, चांद्यापेक्षा चार बोटं उंच, नाव हिऱ्या. जू खाली ठेवलं. चांद्या सवयीनं उजवीकडे गेला. हिऱ्याही उजवीकडे गेला. दोघांची शिंगं एकमेकांवर वाजली.

"तुहा डावा नाही काय?" कडूबानं विचारलं.

"डावा मरना म्हनीसन सांगं ना. हाऊ उजवा शे."

बैलाला एकदा बाजू लागली की लागली. वर्षानुवर्षं त्याच खांद्यानं ओढलेलं, वळताना त्याच अंगानं रेटलेलं. बाजू बदलली की तो बावरतो, सरी मोडतो, मान सोलून घेतो. धुऱ्यावरून बैलगाडी जात होती. गाडीतून शालिग्राम ओरडला, "काऊन बे कडूबा! दोन नवरदेव अन् नवरी एकबी नाही?" गाडीतली माणसं हसली.

कडूबानं चांद्याची वेसण आवळली. "वावर माहं हाये," तो म्हणाला. "माहा बैल उजवीकडंच राहीन."

धुडकूनं हिऱ्याची वेसण धरून त्याला पलीकडून वळवून डावीकडे आणलं. हिऱ्या मागे सरला, मान झटकली. धुडकूनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन जिभेनं टिचटिच आवाज केला, पाठीवर थाप मारली, आणि जू चढवलं. मग म्हणाला, "आम्हले गाव सोडनं पडनं. यानी बाजू सोडी तं काय मोठं व्हयनं?"

त्या दिवशी तिफणीच्या ओळी नागमोडी गेल्या. हिऱ्या उजवीकडे रेटायचा आणि चांद्या त्याला ढुशी द्यायचा. शिवाय कडूबाची हाक हिऱ्याला कळेना आणि धुडकूची टिचटिच चांद्याला. शेवटी दोघांना एकाच तिफणीमागून चालावं लागलं, एक हाका मारत, एक टिचटिचत. मनकर्णाबाई चाड्यावर ज्वारी सोडत होती. तिला मधूनच हसू यायचं आणि मूठ चुकायची. कडूबा तिच्यावर खेकसला. संध्याकाळी हिऱ्याच्या मानेवर डाव्या अंगाला रुपयाएवढी जागा सोलली होती. धुडकूनं त्यावर हळद दाबली. कडूबा चांद्याला पाणी दाखवायला घेऊन गेला. त्यानं ते पाहिलं होतं.

दुसरा दिवस धुडकूचा. गायरानाच्या जमिनीत कडूबा पहिल्यांदाच वखर घेऊन उतरला. दोन तासांत वखराची लोखंडी पास दगडावर बसून वाकली. वीतभर मातीखाली मुरूम. याच जमिनीसाठी आपण साखळी अडवली होती, हे त्याच्या मनात आलं, आणि चीड आली. कोणाची, ते त्याला सांगता आलं नसतं.

"हे असलं दिलं तुमाले?" तो म्हणाला.

"आमनी जमीन काळी व्हती," धुडकू म्हणाला. "नदीकाठनी. हात घाला तं कोपरवरी जाये." आणि पुढं चालू लागला.

मग दिवस कामात गेले. पेरणी, मग पिकाच्या ओळींतून डवरणी, मग पुन्हा डवरणी. पाऊस रेंगाळला की दोघं आपापल्या धुऱ्यावर बसून आभाळाला शिव्या द्यायचे, एक वऱ्हाडीत, एक अहिराणीत. दोघी बायका निंदणाला बरोबर बसायच्या. वेणूबाईच्या फडक्यात बहुतेक रेशनच्या लाल मिलोची भाकर असायची. कधी उडीद-ज्वारीच्या कळण्याची केली की ती तुकडा पुढं करायची. मनकर्णाबाई खायची. गावातली कोणी बाई वाटेनं जात असली, तर तुकडा पदराखाली धरायची. वेणूबाईच्या ते लक्षात आलं.

"तीन वरीस व्हयनात, बाई," ती एकदा खुरपं चालवताना म्हणाली. "संक्रांतले तुम्हना गावमा घरोघर हळदीकुंकू व्हस. मी दारमा उभी राहीसन बायास्ना लुगडा देखस. एक बी बाई म्हनत नही, वेणूबाई ये."

मनकर्णाबाई म्हणाली, "माह्या सासूले पन्नास वर्ष झाले या गावात. अजून तिले पिंपळगाववालीच म्हणतात."

"म्हनतंस ना पन," वेणूबाई म्हणाली. "काहीतरी म्हनतंस."

मनकर्णाबाई पुढच्या ओळीला गेली.

श्रावण सरत आला. हिऱ्याची मान आता डावीकडून निबर झाली होती. तो आपणहून डावीकडे येऊन उभा राहायचा आणि चांद्याची वाट पाहायचा. एक दिवस जू सोडताना धुडकूनं सहज विचारावं तसं विचारलं, पण त्याचा हात जोत्याच्या पट्ट्यावर थांबला होता. "दादा, पोळा कसा करतंस तुम्ही?"

"मारुतीपुढं आखरावर तोरण बांधतात. समद्या जोड्या रांगेत उभ्या राह्यतात. पहिली पाटलाची, दुसरी शंकररावाची, तिसरी आमची. आजोबापासून."

"जोडीनं?"

"जोडीनं नाही तं काय एकट्यानं? एका बैलाचा काय पोळा!"

धुडकू म्हणाला, "तीन वरीस व्हयनात, मना बैल तोरणखाले गया नही. आम्ही बाभूळले बांधीसन निवद दाखाडतंस. बैल पोळाले तोरणखाले गया नही तं तो कोना गावना?"

कडूबा म्हणाला, "तोच माह्या चांद्याचा जोडीदार हाये ना आता? मग कुठं उभा राहीन?"

त्याला ते बोलताना अवघड गेलं नाही. वावरात होते ना दोघंच.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी. कडूबा लोणी, हळद आणि ऊन पाण्याचं भांडं घेऊन टिनपुऱ्यात गेला. धुडकूच्या दारात दोन्ही बैल बांधले. त्यानं चांद्याचा खांदा शेकला, मग हिऱ्याचा. डाव्या अंगाचा तो निबर डाग त्यानं बोटांनी चोळला, पुन्हा पुन्हा चोळला. शेजारपाजारची माणसं दारात येऊन पाहत होती. मग गावच्या रीतीप्रमाणं तो दोन्ही बैलांच्या कानांशी वाकून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

वेणूबाई डोळे पुसत आत गेली. धुडकू म्हणाला, "बैलले आवतन ऊनं बरं का," आणि मोठ्यानं हसला. तो हसलेला कडूबानं तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटलाचं बोलावणं आलं. भगवानराव ओट्यावर दात घासत बसले होते. शंकररावही तिथंच होता.

"काय ऐकून राह्यलो रे कडूबा? धरणवाल्याचा बैल तोरणाखाली आणतो म्हणे?"

"माह्या जोडीचा हाये, पाटील."

"तुही जोडी मेली." पाटलांनी चूळ टाकली. "म्या त्यायच्यावर कधी हात उगारला काय? नाही. पाणी बंद केलं काय? नाही. पण गायरान गेलं, कडूबा. तुह्या गाईले आज कुठं चारतं तू? आज बैल उभा राहीन, उद्या मारुतीच्या पारावर बसतीन, परवा पंचात. त्यायनं आपला पोळा तिकडं करावा ना. तोरण म्या पाठवतो. आंब्याचं पाठवतो."

"एका बैलाचा पोळा होत नाही, पाटील."

"त्याची फिकीर कायले करतं? माह्या गोठ्यातला सर्जा देतो मी तुले. तुह्या चांद्याशेजारी पाटलाचा सर्जा. आजोबानं पाह्यलं असतं तं रडला असता खुशीनं."

शंकरराव म्हणाला, "अन् नसन मंजूर तं तिसरी जागा शालिग्रामले देऊ. तो कवाचा मागून राह्यला."

कडूबा घरी आला. मनकर्णाबाईनं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. ती चुलीत फुंकर घालत राहिली. रुखमाबाई म्हणाली, "काल त्याच्या बैलाले जेवाले बोलावून आला ना तू?"

"आये, तू चूप राह्य."

"चूपच हाये. पन्नास वर्ष झाले."

दुपार कलली. आखरावर, गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण दोन खांबांना ताणलं होतं. झुली, बाशिंगं, घुंगरमाळा. शिंगांना लावलेल्या हिंगुळाचा वास. डफडी वाजत होती. कडूबा चांद्याला घेऊन तिसऱ्या जागेवर उभा राहिला. एकटाच. वेशीकडून धुडकू आला. हिऱ्याला त्यानं दगडानं घासून घासून अंघोळ घातली होती. बाशिंग वेणूबाईनं आपल्या चोळीच्या खणाचं केलं होतं. तो तिसऱ्या जागेकडे येऊ लागला तसा कोण्या पोरगेल्या आवाजानं झडती म्हटली, पोळ्याला जोडून म्हणतात तशी टोमण्याची:

"धरण भरलं काठोकाठ, गायरानाची लागली वाट! हर बोला, हर हर महादेव!"

सगळे ओरडले, "महादेव!" पाटलाचे दोन गडी आडवे झाले. धक्काबुक्की काही झाली नाही. नुसते आडवे उभे राहिले, साखळीपुढं उभं राहावं तसे.

त्यांच्या खांद्यांवरून धुडकूनं कडूबाकडे पाहिलं. कडूबाच्या हातात कासरा होता. दोनच शब्द बोलायचे होते, "येऊ द्या" एवढेच. रांगेतली सगळी माणसं त्याच्याकडे पाहत होती. तो चांद्याच्या झुलीची गाठ सारखी करू लागला.

धुडकूनं हिऱ्याला वळवलं आणि तो वेशीबाहेर गेला. त्याच्या मागं घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग पाटलाचा गडी सर्जाला घेऊन आला. तांबडा, मस्त, मानेवर गोंडे. त्यानं सर्जाला चांद्याच्या उजवीकडे घातलं. चांद्या भडकला. तिथं तो स्वतः असायचा. तो मागे सरला, फिरून सर्जाच्या उजवीकडे येऊ लागला.

"तुह्या बैलाले डावीकडं घे," गडी म्हणाला.

"तो उजवा हाये. तुमचा घ्या ना डावीकडं."

"पाटलाचा सर्जा डावीकडं उभा राहीन? शुद्धीवर हायेस काय?"

कडूबानं चांद्याला रेटलं. वेसण ओढली. चांद्याच्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब आला, पण बैल हलला नाही. मग एकदम उसळला आणि त्यानं सर्जाच्या बरगडीला शिंग लावलं. सर्जानं लाथ झाडली. ती शंकररावाच्या जोडीला लागली. रांग विस्कटली. लोक हसू लागले. शालिग्राम ओरडला, "पुन्हा दोन नवरदेव रे!"

"आवर बे त्याले!" पाटील गरजले.

पोळा फुटायची वेळ झाली होती. पाटलांनी हात वर केला, तोरण तुटलं, आणि जोड्या धावत सुटल्या. धुळीत कडूबा आणि चांद्या जागच्या जागी उभे राहिले. तोरणाची पानं जोड्यांच्या खुरांखाली गेली होती. त्यांतलं एकही चांद्याच्या अंगावरून गेलं नव्हतं.

कडूबा घराकडे वळला नाही. टिनपुऱ्याच्या वाटेला लागला.

गायरानावर दोन बाभळींना सुतळी बांधून तिच्यात कडुलिंबाचे डहाळे खोवले होते. आंबा तिथं नव्हता आणि पाटलाचं तोरणही कोणी आणलं नव्हतं. टिनपुऱ्यातल्या चारसहा जोड्या डहाळ्यांखालून जाऊन आल्या होत्या. हिऱ्या अजून उभाच होता. त्याला कोणी धरलं नव्हतं. सवयीनं तो डावीकडे उभा होता आणि उजवीकडं एका बैलाची जागा सोडली होती.

वेणूबाईच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. कडूबाला पाहून ती ताट घेऊन आत गेली.

कडूबा चांद्याला त्या रिकाम्या जागेकडे नेऊ लागला.

"थांबा," धुडकू म्हणाला.

कडूबा थांबला.

"काल आवतन दिधं. आज जेवाले बलायं नही."

"चुकलं माहं."

"काय चुकनं?"

कडूबानं चांद्याचा कासरा हाताला गुंडाळला. तो म्हणाला, "तिसरी जागा गेली माही. शालिग्रामले देतीन आता."

"ते तुमनं तुम्ही देखा," धुडकू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच ऐकायला जड जात होता. "मना बैल दोन महिना डावीकडे चालना. मान सोलाई गई त्यानी. मी काही म्हनं नही. आते तुमना बैल उजवीकडे उभा कराले तुम्ही ये वाटवर ऊनात. आठे बी त्यालेच उजवीकडे?"

आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. कोणी कडूबाला बस म्हटलं नाही. कोणी जा पण म्हटलं नाही. तीन वर्षांपूर्वी ही माणसं ट्रकमधून उतरली तेव्हा पारावर बसून आपण असंच पाहिलं होतं, हे कडूबाला आठवलं.

"मग काय करू?" तो म्हणाला.

"उद्या पोळाना कर शे. बैल जुंपाना नहीत. परवा मनी पाळी. परवापासून तुमना बैल डावीकडे लागी. मंजूर व्हई तं रब्बीना पेरा बी करू. नही तं बैल लई जा घर."

"त्याले जमणार नाही. पाहून राह्यले ना, आखरावर काय केलं त्यानं."

"मनाले जमनं."

कडूबानं चांद्याकडे पाहिलं. नाकपुडीवरचं रक्त वाळलं होतं. बाशिंग तिरकं झालं होतं. त्यानं ते काढून बाभळीच्या फांदीला अडकवलं.

"परवा कायले," तो म्हणाला. "आताच."

त्यानं हिऱ्याची वेसण धरून त्याला उजवीकडे आणलं. हिऱ्या एक पाऊल आला आणि बावरला. ती बाजू आता त्याला परकी झाली होती. धुडकूनं टिचटिच केलं, तसा तो आला. मग कडूबानं चांद्याला पलीकडून फिरवलं. चांद्या बाभळीपाशी येऊन रुतून उभा राहिला. कडूबानं हाक दिली. चांद्या हलला नाही. कडूबानं कासरा सोडला, धोतराचा सोगा खोचला, आणि आपला खांदा बैलाच्या बरगडीला लावून रेटू लागला. पाय मुरमात घसरत होते. झुलीच्या जरीनं खांदा सोलला.

कोणी मदतीला आलं नाही. वेणूबाई ताट घेऊन पुन्हा दारात आली होती आणि पाहत होती.

"जोर लावा," धुडकू म्हणाला. "एक दिनमा येत नही ते."

कडूबानं श्वास घेतला आणि पुन्हा खांदा लावला. चांद्यानं एक पाय उचलला, आणि उचलून तिथंच परत ठेवला.